गणपतीला गावी जाताना ससे कुणाच्या भरवशावर ठेवायचे?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलंय. घरात दोन ससे (एकत्र वाढलेली जोडी, नराचं ऑपरेशन झालेलं), एक गिनीपिग आणि मुलाचा हॅमस्टर. गणपतीला सगळं कुटुंब बारा दिवस गुहागरजवळच्या गावी जाणार, कारण त्यांचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. शेजारची आठवीतली मुलगी "मी खाऊ घालीन" म्हणते. सासूबाई म्हणतात, "पिंजरे गाडीत टाका, गावी अंगण मोठं आहे." आणि घराजवळच्या कुत्र्यांच्या बोर्डिंगवाल्याने "आम्ही ससेही ठेवतो" असं सांगितलंय. यातलं काय करावं?

ताई, मी चौदा वर्षं पुण्यात लोकांच्या घरी जाऊन ससे, गिनीपिग आणि पक्षी सांभाळते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. चौघांनाही घरीच राहू द्या, आपापल्या नेहमीच्या जागी. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ साधारण बारा तासांच्या अंतराने, एक मोठं माणूस घरी येईल अशी सोय करा. हॅमस्टरला संध्याकाळची एक फेरी पुरते. शेजारच्या मुलीला मदतीला जरूर घ्या, जबाबदारी मात्र तिच्यावर टाकू नका. गावीही नेऊ नका आणि बोर्डिंगलाही ठेवू नका. यामागचं कारण नीट सांगते. ते एकदा पटलं की अर्धी तयारी तुम्हाला आपोआप सुचेल.

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर "पोट बिघडलं असेल" म्हणून आपण उद्यापर्यंत थांबतो. ससा १२ तास काहीच खात नसेल तर थांबायला वेळ नसतो. गवत पोटात जायचं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, आतला चोथा कोरडा होतो, गॅस धरतो, पोट दुखायला लागतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. उलटी तर त्याला करताच येत नाही. डॉक्टर याला गट स्टेसिस म्हणतात. सकाळी सुरू झालेलं संध्याकाळी लक्षात आलं तर बहुतेक ससे औषधाने आणि हाताने भरवून वाचतात. दुसऱ्या दिवशी रात्री लक्षात आलं तर वाचण्याची शक्यता बरीच कमी होते. गिनीपिगचंही हेच, वर उपाशी राहिला की त्याच्या यकृतावर चरबी चढते.

शिवाय हे प्राणी दुखणं लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, म्हणून ते कण्हत नाहीत, ओरडत नाहीत, कोपऱ्यात गप्प बसतात. नवख्या माणसाला वाटतं, झोपलाय. म्हणून दोन फेऱ्या हव्यात. वाटीत खाणं टाकायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतरची तीस-चाळीस मिनिटं जमिनीवर मांडी घालून प्रत्येकाकडे बघत बसायचं असतं, आणि खरं काम तेच.

हे मी एका सशाचा जीव गेल्यावर शिकले. काम सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीत, एका घरी दोन ससे होते, एक पांढरी आणि एक काळा. मी सकाळ-संध्याकाळ जायचे. वाटी रोज चाटूनपुसून रिकामी, म्हणून मी मालकांना "दोघं छान जेवतायत" असं कळवत राहिले. वाटी एकटा काळाच संपवत होता. पांढरीने खाणं सोडलं होतं आणि ते माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी सकाळी, तिचे कान हाताला गार लागले तेव्हा. डॉक्टरांकडे पोहोचलो, पण ती त्याच रात्री गेली. ते घर मला अजून आठवतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते, तुमच्या माणसालाही तोच घालून द्या. फेरीच्या सुरुवातीला दोन सशांना दोन बाजूंना बसवायचं, मध्ये जाळी लावायची, प्रत्येकासमोर स्वतंत्र कोथिंबीर ठेवायची, आणि दोघांच्याही तोंडात पान गेलेलं डोळ्यांनी बघायचं. मगच जाळी काढायची. एरवी मात्र जोडी एकत्रच राहू द्या, वेगळी केली तर तेही त्यांना मानवत नाही.

खाल्ल्याचा पुरावा बाहेर पडतो तो लेंड्यांतून. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या गोल, कोरड्या, साधारण काबुली चण्याएवढ्या असतात आणि बोटाने फोडली तर आत गवताचा भुसा दिसतो. चण्याच्या मिऱ्या झाल्या, म्हणजे लहान, काळ्या, टणक दिसू लागल्या, की खाणं कमी झालंय. केसात ओवल्यासारखी माळ दिसली तर केस गळून पोटात जातायत, गवत वाढवायला हवं. आणि ट्रे कोराच असेल तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. कधीकधी तुतीच्या फळासारखा मऊ, चकचकीत घोस पडलेला दिसेल. ते जुलाब नव्हेत. ससा हा घोस एरवी थेट तोंडाने उचलून परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. एखाद-दुसरा राहिला तर काळजी नको, रोज राहू लागला तर पेलेट (दुकानात मिळणारं दाणेदार खाद्य) किंवा गोड खाणं जास्त होतंय. खरे पातळ जुलाब मात्र गंभीर असतात.

म्हणून माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगते, मालकांना गोंडस फोटो नंतर पाठवा, आधी ट्रेचा फोटो पाठवा. प्रत्येक फेरीत ट्रे साफ करण्याआधी एक फोटो. चार दिवसांचे फोटो एकाखाली एक बघितले की गावी बसूनही तुम्हाला फरक कळेल.

आता माणूस कोण, हा प्रश्न. घरातलं कुणी, एखादी आत्या किंवा मावसभाऊ, तुमच्याकडे बारा दिवस मुक्कामालाच आला तर त्याच्यासारखं सुख नाही, फक्त त्याला शिकवावं लागेल. त्यानंतर माझी पसंती जवळपास राहणाऱ्या दुसऱ्या ससेवाल्याला. या गणपतीत तो तुमचे सांभाळेल, मे महिन्यात तुम्ही त्याचे सांभाळा. फक्त एका घरून दुसऱ्या घरी जाताना हात धुणं आणि कपडे बदलणं पाळा, आणि ससे एकमेकांना भेटवू नका. मग येतो माझ्यासारखा पैसे घेऊन काम करणारा माणूस. त्याला एकच प्रश्न विचारा: "ससा खात नाहीये हे तुम्हाला कशावरून कळेल?" लेंड्या, बसण्याची ढब, दात करकरणं, गार कान, असं काही न सांगता तो "मला प्राण्यांची खूप आवड आहे" एवढंच म्हणाला, तर त्याला कुत्री फिरवायला ठेवा.

आणि एक नाव बहुतेक लोक विसरतात, तुमच्याकडे रोज येणाऱ्या कामवाल्या मावशी. त्या घर ओळखतात, ससे त्यांना ओळखतात, आणि झाडताना लेंड्या त्यांच्याच नजरेखालून जातात. एका घरी मी ज्या मावशींना शिकवलं, त्यांनी चौथ्या दिवशी मला फोन केला: "ताई, आज लेंड्या बघा, मिऱ्याएवढ्याच पडल्यात, अन् केरात पण कमीच गावल्या." ससा तेव्हा पळत होता, खेळत होता. दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं आणि तो वाचला. इतकी तयार नजर मला फार थोड्या शिकलेल्या माणसांत दिसलीय. मावशींना सांगणार असाल तर हे नेहमीच्या कामात धरू नका. वेगळे पैसे ठरवा, दोनदा येणं त्यांना जमेल का हे मोकळेपणी विचारा. गौरी-गणपतीत त्यांच्याही घरी सण असतो, त्या गावी जाणार नाहीत ना हे आधी विचारून घ्या.

शेजारच्या मुलीबद्दल. आठवीतली मुलगी प्रेमाने सगळं करेल, पण रात्री आठ वाजता ससा गप्प बसलेला दिसला तर रिक्षा करून डॉक्टरांकडे न्यायचा निर्णय तिने का घ्यावा? त्यात ससा दगावला तर ते ओझं ती किती वर्षं वाहील याचा विचार करा. तिला मोठ्या माणसाबरोबर येऊ द्या. गवत भरणं, पाणी बदलणं, वहीत लिहिणं ही कामं ती उत्तम करेल.

सासूबाईंचं म्हणणं प्रेमाचं आहे, तरी गावी नेणं मला पटत नाही. साताऱ्यावरून, पाटणवरून, कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि पुढे गुहागर. वाहतूक आणि पाऊस हे सगळं धरून सात-आठ तास कुठेच गेले नाहीत. गाडीच्या हादऱ्यांत ससा खात नाही, म्हणजे बारा तासांतले आठ तिथेच संपले. पुढे नवी जागा, ओलं अंगण, मांजरं, कुत्री, साप, घरात पाहुण्यांची पोरं आणि आरतीच्या झांजा. तिथे काही झालं तर सशाचं जाणणारा डॉक्टर शोधायला पुन्हा तोच घाट चढावा लागेल.

बोर्डिंगवाले सगळेच वाईट नसतात, फक्त सशांसाठी वेगळी खोली असलेली जागा क्वचित सापडते. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रं भुंकत असेल तर ससा दिवसभर शिकाऱ्याच्या वासात बसून राहतो, आणि घाबरलेला ससा खात नाही. दचकून जोरात लाथ मारली तर त्याच्या पाठीचा मणका मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी असतात. दुसऱ्याच्या सशांमुळे पिसवा आणि खरूज येते. आणि ऑपरेशन न झालेले नर-मादी तिथे कुणी "जरा फिरू दे" म्हणून एकत्र सोडले, तर महिन्याभराने, एकतिसाव्या दिवसाच्या आसपास, घरात पिल्लं. असं एका कुटुंबाबरोबर घडलेलं मी पाहिलंय, तिथे मोकळं सोडलं होतं फक्त पंधरा मिनिटं.

खाण्याची तयारी. सशाच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा गवताचा, ऐंशी टक्क्यांच्या वर. टिमोथी गवत ऑनलाइन मागवत असाल तर आता मागवा, सणात पार्सलं रखडतात. बारा दिवसांच्या हिशेबाने नको, वीस दिवसांचं आणा. भाद्रपदात हवा दमट असते, गवताला बुरशी धरते. म्हणून पुड्या बंद डब्यात ठेवा आणि वास बघून टाकायला सांगा. कुबट वास आला की फेकायचं. लसूणघास (अल्फाल्फा) मोठ्या सशांना रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं आणि लघवीच्या पिशवीत खडा होतो. पेलेट रोजच्या मापाने छोट्या पुड्यांत बांधून त्यावर तारीख लिहा. डबा उघडा ठेवून "थोडेसे घाला" असं सांगितलंत तर दयाळू माणूस मूठ भरून घालतो आणि ससा गवत सोडतो. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला हे चालतं. गाजर म्हणजे त्याच्यासाठी मिठाई, चार दिवसांतून एक चकती. फ्लॉवर-कोबीने गॅस होतो. पोळी, बिस्किट, डाळी, बटाटा, कांदा, लसूण काहीच नाही. पाला पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता फ्रिजमध्ये ठेवा, पुढचा दर तिसऱ्या दिवशी नेहमीच्या भाजीवाल्याकडून आणायला सांगा. आणि सुट्टीत कुठलंही नवं खाणं सुरू करू नका.

गणपतीत दूर्वांच्या जुड्या सगळीकडे मिळतात आणि हरळी सशाला मनापासून आवडते, चालतेही. मात्र दोन गोष्टी. त्या कुठून उपटल्यात माहीत नसतं, म्हणून दोन-तीन पाण्यांत धुऊन, पसरून, कोरड्या करूनच द्यायच्या. आणि निर्माल्यातल्या दूर्वा कधीच नाहीत. दरवर्षी कुणीतरी भाविकपणे देवाची फुलं-पत्री सशाला आणून घालतं. त्यात हळद-कुंकू, गुलाल, दोरे असतातच, पण कण्हेरही असू शकते, आणि कण्हेर विषारी आहे. थोडीशीही जीव घेऊ शकते. हॅमस्टरला "उंदीरमामा" म्हणत लहान मुलं मोदक भरवतात. सारण त्याच्या गालाच्या पिशवीत चिकटून बसतं, म्हणून हेही शेजारच्या मुलांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

पावसाळ्यातला सगळ्यात ओंगळ धोका माशांचा. सशाच्या मागच्या बाजूला लघवी किंवा मऊ शी चिकटून राहिली की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होऊन त्या कातडी खायला लागतात. प्रत्येक फेरीत शेपटीखालची जागा बघायची. ओली असेल तर पुसून कोरडी करायची, आंघोळ घालायची नाही. अळी दिसली तर ताबडतोब डॉक्टर. खिडक्यांना बारीक जाळी लावून जा. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याला लावतात त्या फिप्रोनिलच्या औषधाचा थेंबही सशाला लावू नये, त्याने ससे मरतात. आणि त्या बारा दिवसांत पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर त्याला आजच फोन करून रद्द करा.

गिनीपिगबद्दल थोडं वेगळं. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरून लागतं. रोज ढोबळी मिरचीचा एक तुकडा घाला. पाण्यात थेंब टाकायची औषधं मिळतात, पण पाण्यात ते लवकर निकामी होतं आणि चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तुम्ही निघण्याआधी आठवडाभर रोज वजन करून लिहा. नंतर सांभाळणाऱ्याने एक दिवसाआड करायचं. चार-पाच दिवसांत ५० ग्रॅमहून जास्त उतरलं तर डॉक्टर. सशांच्या खोलीत त्याला एकत्र सोडायचं नाही. सशाच्या श्वासनलिकेतला एक जंतू त्याला काही न करता गिनीपिगला न्यूमोनिया देतो, आणि सशाची एक लाथही त्याला भारी पडते. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: गिनीपिग कळपातला जीव आहे, एकटा राहिला की झुरतो. परत आल्यावर त्याला एक जोडीदार आणायचं मनावर घ्या.

हॅमस्टर रात्रीचा, म्हणून संध्याकाळीच बघायचा. तो खाणं साठवून ठेवतो, त्यामुळे वाटी रिकामी म्हणजे खाल्लं असं नसतं. चाकावर फिरला का, बिछाना हलवलाय का, हे बघा. दाराची कडी लागल्याची खात्री मात्र दोनदा करायची. पळालेला हॅमस्टर फ्रिजमागे तीन दिवस बसतो.

पाण्याच्या बाटलीची एक गोष्ट हातात घेऊनच दाखवा. नळीच्या टोकाला स्टीलची गोळी असते, ती कधी क्षाराने अडकते. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा, प्रत्येक फेरीत बोटाने गोळी दाबून थेंब येतो का बघा. सशांसाठी बाटलीशिवाय जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडंही भरून ठेवा, ते त्यातूनच जास्त पाणी पितात.

आता ज्यात लोक सगळ्यात कमी पडतात ते. तुम्ही गावी असाल, वाडीत रेंज नसेल, आरती चालू असेल, आणि इकडे सांभाळणारा फोन लावत बसलेला. माझे असे दोन-दोन तास गेलेत. म्हणून निर्णय आधीच कागदावर हवा. साध्या कागदावर लिहा: "आम्ही गावी असताना आमच्या प्राण्यांची तब्येत बिघडली तर अमुक व्यक्तीने त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. फोन लागला नाही तरी एवढ्या रुपयांपर्यंतच्या उपचाराला आमची संमती आहे." खाली सही, दोन फोन नंबर, गावच्या शेजाऱ्याच्या लँडलाइनचा नंबर असेल तर तोही. पैसे आधीच सांभाळणाऱ्याकडे किंवा इथल्या एखाद्या नातेवाइकाकडे देऊन ठेवा. ऑपरेशन लागलं तर काय, आणि बरं होण्यासारखं नसेल तर काय, हेही घरात बसून ठरवा. जड जातं, पण अपरात्री दुसऱ्याच्या गळ्यात ते टाकण्यापेक्षा बरं.

डॉक्टर दोन हवेत. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, ससे आणि गिनीपिग नियमित बघणारे थोडे. आधी फोन करून विचारा: ससे बघता का, गणेश चतुर्थीला, गौरी विसर्जनाला आणि अनंत चतुर्दशीला दवाखाना उघडा आहे का, रात्री कोण असतं? मुंबईकर वाचक असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा, म्हणजे बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाचा, नंबर दुसरा म्हणून लिहून ठेवा आणि सशांसाठी कुणाला भेटायचं हे तिथे आधी विचारा. कागदावर ठळक अक्षरांत हेही लिहा: तोंडाने देण्याचं ॲमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलीन जातीचं औषध सशाला आणि गिनीपिगला नको. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावतो. एका दवाखान्यात माझ्यासमोर एका गिनीपिगला तेच लिहून दिलं होतं. मी अडून बसले म्हणून बदललं.

पुण्यातला विसर्जनाचा दिवस वेगळा धरा. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता बंद असतात. तुमचा माणूस पेठेत किंवा नदीपलीकडे राहत असेल तर तो त्या संध्याकाळी कोथरूडला पोहोचणार नाही. मी स्वतः त्या दिवशी नदीपलीकडची कामं घेत नाही, किंवा त्या घरी आदल्या रात्रीच मुक्कामाला जाते. तुम्हीही चालत येऊ शकेल असा माणूस बघा, नाहीतर त्या एका दिवसापुरती शेजारच्या मुलीच्या आईशी बोलून ठेवा. ढोल-ताशे आणि स्पीकरच्या भिंती यांच्या आवाजाने ससे भेदरतात. पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत न्या. हे निघायच्या आठ दिवस आधी करा, म्हणजे नवी जागा आणि तुमचं जाणं एकदम येणार नाही. आत लपायला दोन दारांची पुठ्ठ्याची खोकी ठेवा, दोन दारं यासाठी की एकाने दुसऱ्याला कोंडू नये.

किल्लीही तपासून द्या. नवी करून आणलेली किल्ली दारात फिरवून बघा. बाहेरच्या जाळीच्या दाराची वेगळी, आतल्या लॅचची वेगळी. तिसरी किल्ली सोसायटीत विश्वासू घरी ठेवा. गेटवरच्या ॲपमध्ये बाराही दिवसांची नोंद आधीच करा आणि वॉचमनला माणूस प्रत्यक्ष दाखवा.

हे सगळं सांगून झालं तरी तालीम हवी. निघायच्या दोन आठवडे आधी सांभाळणाऱ्याला दोनदा बोलवा. पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा. दुसऱ्यांदा तुम्ही हाताची घडी घालून बसा आणि त्याला करू द्या. ससा उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंगाशी धरून. कान धरायचे नाहीत, उताणा करायचा नाही. कॅरिअरमध्ये दोघांना घालून दाखवायला सांगा, कारण रात्री गरज पडली तर तेच जमायला हवं. मग एक शनिवार-रविवार तुम्ही खरंच बाहेरगावी जा. किल्ली अडकते, गवताचा डबा सापडत नाही, एखादा ससा नव्या माणसाला बघून पलंगाखालून निघतच नाही, हे त्या दोन दिवसांत कळतं आणि दुरुस्त होतं.

दाराशी एक पिशवी तयार ठेवा: कॅरिअर, टॉवेल, मूठभर गवत, सुई नसलेली सिरिंज, डॉक्टरांनी दिलेली हाताने भरवायची पावडर, आधीच्या आजारांचे कागद. भरवायचं ते डॉक्टरांशी बोलूनच, कारण पोट फुगून आडलेलं असेल तर भरवणं उलटतं. वायफाय कॅमेरा असेल तर लावा, मात्र त्यावर विसंबू नका. लेंड्यांचा आकार त्यात दिसत नाही आणि वीज गेली की तोही गेला.

पैशांचं आधी स्पष्ट बोला: एका फेरीचे किती, सणाच्या दिवसाचे वेगळे किती, डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्या वेळेचे आणि रिक्षाचे किती.

मे महिन्यात जाणाऱ्यांना वेगळी काळजी लागते, कारण सशाला तीस अंशांच्या वर त्रास सुरू होतो आणि त्याला घाम येत नाही. त्याची गरमी बहुतेक कानांतून जाते. बाल्कनीत ठेवायचंच नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, बसायला लादी, आणि दुपारची तिसरी फेरी. वीज जाण्याच्या दिवसांत ती चुकवू नका. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री माणूस घरात थांबलेला बरा.

पक्षीवाल्यांसाठी दोन ओळी. दाण्याच्या वाटीत वर टरफलं साठतात आणि ती भरलेली दिसते. फुंकर मारून टरफलं उडवा, मग खाली दाणा उरलाय का कळेल. छोटा पक्षी दिवसभर उपाशी राहिला तर जातो, म्हणून त्यांनाही दोन फेऱ्या. आणि आपला हिरवा पोपट घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, त्याचं काम मी घेत नाही.

ताई, निघायच्या आठ दिवस आधीपर्यंत भरवशाचा माणूस पक्का झाला नाही, तर घरातल्या एकाने मागे राहावं, किंवा दोघांनी पहिले सहा दिवस आणि दोघांनी पुढचे सहा दिवस गावी जावं. परत याल तेव्हा बॅगा दारातच ठेवून आधी ट्रे बघा, गिनीपिगला काट्यावर ठेवा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. पहिले दोन दिवस लाडाचं खाणं देऊ नका, नुसतं गवत आणि नेहमीचा पाला. सांभाळणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी एकदा तरी घरी बोलवा आणि बारा दिवसांत काय काय दिसलं ते त्याच्या तोंडून ऐका. वहीत न लिहिलेलं बरंच काही तो सांगेल, आणि दिवाळीच्या वेळी ते उपयोगी पडेल.